रेंज असते, फोन लागत नाही

“आता वायरलेस कोण वापरतंय? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे की!” पावसाळा तोंडावर आला आणि पुराच्या तयारीचा विषय निघाला की सांगलीत हे वाक्य कानावर पडतेच. यंदा मी ते तीनदा ऐकले. एकदा चहाच्या टपरीवर, एकदा सोसायटीच्या बैठकीत, आणि एकदा अशा माणसाच्या तोंडून ज्याच्या शब्दावर आपत्तीच्या साहित्याची खरेदी ठरते. जुने वॉकीटॉकी दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेवढ्या पैशांत स्मार्टफोन घ्यावेत, सगळ्यांचा एक ग्रुप करावा, एखादे ॲप टाकावे, की काम झाले, असे त्यांचे म्हणणे. त्यांना उत्तर देणारेही तितकेच हट्टाने बोलत होते. मोबाईल म्हणजे खेळणे, संकटात खरा वायरलेसच, पूर्वीपासून तेच चालत आले आहे. एका बाजूला नवे म्हणून हवे आहे, दुसऱ्या बाजूला जुने म्हणून. यंत्राच्या वयावर तासभर वाद झाला आणि पुरात अडकलेला माणूस त्या वादात एकदाही आला नाही.

माझे मत आधीच सांगतो. पूर, दरड, भूकंप, चेंगराचेंगरी अशा वेळी जी माणसे दुसऱ्यांना वाचवायला बाहेर पडतात, त्यांना आपसांत बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ यंत्रणा हवी. ती जिल्ह्याच्या मुख्यालयापासून नदीकाठच्या शेवटच्या गावापर्यंत पोचलेली हवी. मोबाईल तिच्या जोडीला जरूर असावा, पण तिची जागा त्याला देता येणार नाही. मदतीला धावणाऱ्याने मदत मागणाऱ्यांच्याच रांगेत उभे राहायचे, ही व्यवस्था मुळात चुकीची आहे, आणि ‘सगळ्यांना सिमकार्ड द्या’ म्हणणारे नेमके तेच करायला सांगत आहेत.

रांग म्हणजे काय, हे साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम करून तरडगावकडे निघते आणि चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. त्या गर्दीत चुकामूक झालेल्या आईला शोधायला ज्याने फोन काढला असेल, त्याने हे पाहिले आहे. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या आणि फोन मात्र लागत नाही. दहा वेळा लावा, दहाही वेळा तेच. काड्या एवढेच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत येतो आहे. तुमचे ऐकायला टॉवरला सवड आहे का, हे त्या सांगत नाहीत. फोन लावताना हँडसेट आधी टॉवरकडे ‘मला जागा द्या’ अशी विनंती पाठवतो. एकाच क्षणी हजारो हँडसेटनी ती पाठवली की विनंत्या एकमेकींवर आदळतात, टॉवरला त्यातली एकही नीट उचलता येत नाही, मग प्रत्येक हँडसेट ती पुन्हा पाठवतो आणि कोंडी आणखी वाढते.

यात कुणाची हलगर्जी नाही. मोबाईलचे जाळे उभारताना गृहीतच धरलेले असते की एका टॉवरखालची सगळी माणसे एकाच वेळी बोलणार नाहीत. रोजच्या व्यवहाराला हा हिशोब अगदी योग्य आहे. तो धरला नसता तर कॉलचे दर कुणालाच परवडले नसते. पण आपत्ती म्हणजे दुसरे काय असते? सगळ्यांनी एकाच वेळी फोन लावण्याची घटका. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या संध्याकाळी लाखो माणसे रस्त्यांत आणि लोकलमध्ये अडकली. त्यांचे मोबाईल लागेनात. त्याच वर्षी जानेवारीच्या २५ तारखेला आपल्याकडे मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक दगावले. तेव्हा मोबाईल आजच्याइतके नव्हते. आज पौष पौर्णिमेला त्याच डोंगरावर लाखांनी फोन असतात. पायऱ्यांवरच्या पोलिसाला खालच्या वळणावरच्या पोलिसाला ‘माणसं सोडू नका, थांबवा’ एवढे चार शब्द सांगायचे असतील, तर त्याने ते त्या लाखांच्या मागे रांग लावून सांगायचे का? चेंगराचेंगरीत दोन मिनिटे म्हणजे फार मोठा काळ असतो.

गर्दी हा झाला एक भाग. दुसरा भाग मी ऑगस्ट २०१९ मध्ये स्वतः पाहिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कर्नाळ रस्त्याजवळ एका नातेवाइकांच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा माणसे होतो. वीज आधीच बंद केलेली होती आणि ती करावीच लागते, पाण्यात जिवंत तारा ठेवता येत नाहीत. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता आणि त्याच्या जनरेटरची घरघर रात्रभर येत होती. त्या घरघरीचा आधार वाटायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती थांबली. कुणी काही बोलले नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर माणसांनी फोन वर धरून पाहिले. डिझेल संपले होते, आणि डिझेलची गाडी ज्या रस्त्याने यायची त्यावर आता बोट चालत होती.

तिसऱ्या दिवशी दोन बोटी पाठोपाठ आमच्याकडे आल्या. दोघींनाही वेगवेगळ्या लोकांनी आमचाच पत्ता दिलेला. मागच्या गल्लीत डायलिसिस चुकलेले एक आजोबा आदल्या सकाळपासून वाट पाहत होते, तिकडे एकही बोट गेलेली नव्हती. बोटीतल्या पोराने मला विचारले, “काका, मागं कोण हाय का अजून?” त्याच्याजवळ फोन होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणि बंद पडलेला. आपण कुठून आलो, दुसरी बोट कुठे आहे, पुढे कुठे जायचे, यातले त्याला काहीच कळायला मार्ग नव्हता. तो उत्तम पोहणारा होता, धीट होता, दोन रात्री झोपलेला नव्हता. त्याच्याकडे बोलायचे साधन तेवढे नव्हते. मी ‘यंत्रणा’ म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो पोरगा असतो.

मोबाईलचा टॉवर एकटा कधीच नसतो. तो विजेवर टेकलेला असतो, वीज गेली की डिझेलवर, आणि डिझेल रस्त्यावर. टॉवरचे संदेश नेणारी फायबर केबल एखाद्या मोरीच्या कडेने किंवा घाटातल्या साईडपट्टीखालून गेलेली असते. तिथे दरड आली की टॉवर चालू असूनही मुका होतो, कारण दोन शेजाऱ्यांचा कॉलसुद्धा दूरच्या शहरातल्या यंत्राकडे जाऊन परत यावा लागतो. वॉकीटॉकीचे तसे नाही. दोन सेट एका चॅनेलवर असले की मध्ये काहीही नसताना ते एकमेकांशी बोलतात. मैदानी भागात दोन-चार किलोमीटरचा पल्ला सहज मिळतो. लांबचे बोलायचे तर उंचावर एक रिपीटर लागतो. तो खालून आलेला आवाज उचलून पुन्हा मोठ्याने सोडतो. तो ट्रकच्या बॅटरीवर आणि सोलर पॅनेलवर चालू शकतो. साताऱ्याला अजिंक्यतारा आणि यवतेश्वर आहे, सांगलीकडे सागरेश्वर आहे, दंडोबा आहे. कृष्णा कितीही फुगली तरी दंडोबावर चढणार नाही.

दुसऱ्याच्या तारेवर अवलंबून राहणाऱ्याची काय गत होते, हे या मुलखाने एकदा उलट्या बाजूनेही पाहिले आहे. १९४२ मध्ये सातारा आणि आजचा बराचसा सांगली जिल्हा एकच होता. भूमिगत कार्यकर्त्यांनी तेव्हा टपाल आणि तार-टेलिफोन यांच्यावर घाव घातला तो विचार करूनच. इंग्रज सरकारची बंदूक मोठी होती, पण तिला हुकूम तारेतून यायचा. तार तुटली की ठाणेदार आपल्या ठाण्यापुरता उरायचा. आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे निरोप? ते पायी जायचे, रानावनातून, माणसाकडून माणसाकडे. वेग कमी असेल, पण तो निरोप शत्रूच्या हातातल्या कुठल्याही तारेवर टांगलेला नव्हता. पुराला हेतू नसतो, पण तारा तो तशाच तोडतो.

वायरलेसचा तिसरा गुण बोलण्याच्या पद्धतीत आहे, आणि चर्चेत तो कुणी काढतच नाही. मोबाईल दोघांच्या बोलण्यासाठी बनला आहे. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. ‘बोट नंबर तीन दत्तनगरकडे निघाली’ हे एकदा बोलले की बोट नंबर पाचला वेगळे सांगावे लागत नाही, तिने ऐकलेलेच असते. निम्मे समन्वयाचे काम त्या ऐकण्यातच होऊन जाते. हे ग्रुपवर होत नाही का? शांत दिवशी होते. पण ग्रुपवर टाकलेला निरोप पोचला का, कुणी उघडला का, आणि उघडणाऱ्याच्या बोटांवर पाणी असेल तर स्क्रीनने ते बोट ओळखले का? ओल्या हाताने फोन चालवून पाहा. वॉकीटॉकीचे बटण अंधारात, पावसात, एका हाताने दोर धरलेला असतानाही अंगठ्याने दाबता येते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्या दुर्घटनेचे खापर संपर्कव्यवस्थेवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला एक प्रश्न आजही छळतो. काठावर उभ्या असलेल्या बाईला, तिच्या कडेवर लेकरू असताना, पुढची बोट अर्ध्या तासात येते आहे हे खात्रीने कुणी सांगू शकले, तरच ती पहिल्या बोटीतून मागे सरेल. ती खात्री कुणी द्यायची? ज्याला स्वतःलाच पुढच्या बोटीचा पत्ता नाही, त्याने?

आता समोरच्या बाजूचे वजनदार मुद्दे. ते आहेत, आणि मी ते टाळणार नाही. स्वतंत्र रेडिओ यंत्रणाही फसल्या आहेत, आणि भयंकर रीतीने फसल्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल यांचे वायरलेस एकमेकांशी बोलू शकत नव्हते. इमारत सोडण्याचा आदेश वरच्या मजल्यांवरच्या अनेक जवानांपर्यंत पोचलाच नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले तेव्हा खाली उतरलेल्या पथकांचे रेडिओ बोगद्यात चालेनात. निरोप घेऊन माणसांना जिन्यांवरून वर-खाली धावावे लागले. आपल्याकडेही सह्याद्रीच्या घळीत रेडिओचा आवाज डोंगराआड अडतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. ज्या पावसात हे घडले त्यात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटरची नोंद झाली होती. अशा दरीत एक वॉकीटॉकी देऊन भागेल, असे कुणी म्हणत असेल तर त्याने ती दरी पाहिलेली नाही.

पण या उदाहरणांतून निघते काय? न्यूयॉर्कमध्ये दोष असा होता की दोन खात्यांनी दोन बेटे बांधली होती. त्यावर उपाय म्हणजे दोघांना जोडणारे सामाईक चॅनेल. लंडनमध्ये बोगद्यात रेडिओ पोचवणारी केबल हवी होती, ती नंतर टाकली गेली. डोंगराआड आवाज अडत असेल तर खिंडीवर रिपीटर हवा, आणि गाडीवर बसवून नेता येईल असा एक राखीव हवा. मोबाईललाही त्या दरीत टॉवर लागतोच. फरक एवढाच की टॉवरची सोबत वीज, डिझेल आणि फायबर यांच्याशी आहे. चूक झालेली वस्तू दुरुस्त करायची असते. ती टाकून त्याहून जास्त टेकूंवर उभी असलेली वस्तू घ्यायची नसते.

लंडनच्या त्याच दिवसाची दुसरी बाजू तर मोबाईलवाद्यांनी मुद्दाम वाचावी. आल्डगेट भागात पोलिसांनी एका मोबाईल कंपनीला सांगून सामान्य लोकांचे फोन काही तास बंद करवले, आपत्कालीन सेवांना वाट मिळावी म्हणून. ज्यांच्या हँडसेटमध्ये खास परवानगी होती तेवढेच फोन चालायचे होते. प्रत्यक्षात ज्यांना वाट हवी होती त्यांतल्या अनेकांच्या फोनमध्ये ती परवानगी नव्हतीच, म्हणून त्यांचेही तोंड बंद झाले. आणि सामान्य लोक? आपले माणूस जिवंत आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. ‘आपत्तीत अधिकाऱ्यांच्या कॉलला प्राधान्य’ या शब्दांचा अर्थ असा होतो. सार्वजनिक जाळ्यात एकाला पुढे काढायचे तर दुसऱ्याला मागे ढकलावे लागते. सांगलीच्या पुरात मागे ढकलला जाणार तो गच्चीवर अडकलेला माणूस, ज्याच्या बॅटरीत चार टक्के उरलेत. बचाव पथके त्या रांगेतून बाहेर पडली तर त्या माणसाचा फोन लागण्याची शक्यता वाढते. स्वतंत्र रेडिओ नागरिकांच्याही भल्याचा आहे तो असा.

प्राधान्याची सोय आता कायद्यातही आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सार्वजनिक आणीबाणीत मदतकार्यातल्या लोकांचे संदेश आधी पाठवण्याचा अधिकार सरकारला दिला. ४जीमध्ये बटण दाबून गटाशी बोलण्याची सोयही आली आहे. हे सगळे उपयोगी आहे आणि मला हवेच आहे. पण टॉवरच बंद पडला असेल तर त्यावर पहिला नंबर मिळून काय करायचे?

परदेशाचे दाखले दिले जातात तेही अर्धेच. अमेरिकेने पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी ‘फर्स्टनेट’ उभारले, मग आपण का नको? फर्स्टनेटला वेगळा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा राखीव पट्टा, दिलेला आहे, ते एटी अँड टी कंपनीच्या जाळ्यावर चालते, आणि तिथल्या पोलिसांनी म्हणून आपले वायरलेस भंगारात काढले नाहीत. का काढले नाहीत, ते २२ फेब्रुवारी २०२४ ला दिसले. त्या दिवशी वादळ नव्हते, भूकंप नव्हता. जाळे वाढवण्याच्या कामात एका यंत्राची मांडणी चुकली आणि एटी अँड टीची सेवा देशभर सुमारे बारा तास कोलमडली. ९ कोटी २० लाखांहून जास्त कॉल अडले. त्यात ९११ या आपत्कालीन क्रमांकाचे २५ हजारांहून अधिक होते. फर्स्टनेटही त्या घसरणीत सापडले, जरी ते सर्वांत आधी सावरले. ब्रिटनने २०१५ च्या सुमारास ठरवले की ‘एअरवेव्ह’ ही रेडिओ यंत्रणा बंद करून सगळे व्यापारी ४जीवर न्यायचे. २०१९ पर्यंत बदल पुरा व्हायचा होता. तारखा पुढे पुढे जात या दशकाच्या अखेरीपर्यंत गेल्या आणि पोलीस आजही एअरवेव्हवरच बोलतात. ज्या देशाकडे पैसा आणि अभियंते दोन्ही आहेत, त्याला ‘तेवढ्यात स्मार्टफोन घेऊन टाकू’ इतके हे सोपे गेले नाही.

आपल्या ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही २०१८ मध्ये सार्वजनिक सुरक्षेसाठी देशभर एक एकात्मिक ब्रॉडबँड जाळे उभारावे आणि त्याला स्पेक्ट्रम राखून ठेवावा, अशी शिफारस केली होती. त्यातला ‘राखून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्या तंत्रज्ञानाची बाजू घेणाऱ्यांनाही, खोलात गेल्यावर, वेगळी वाट लागतेच.

मोबाईलचे जे खरे बळ आहे ते मी मनापासून मान्य करतो. गच्चीचा फोटो, नकाशावरचा ठिपका, ड्रोनने टिपलेले पाणी, रुग्णाचा रिपोर्ट, हे साध्या वायरलेसवर जात नाही. सरकारचा सेल ब्रॉडकास्टचा इशारा तर गर्दीतही पोचतो, कारण तो प्रत्येकाला वेगळा पाठवावा लागत नाही, टॉवर तो एकदाच सगळ्यांना ऐकवतो. टॉवर जिवंत आहेत तोवर हे सगळे वापरा. पाणी चढण्याआधीच्या दोन दिवसांत तर मोबाईलइतके मोठे साधन दुसरे नाही. माझी मागणी त्यानंतरच्या चार दिवसांसाठी आहे. त्या दिवसांत आवाज तरी उरला पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओवाल्यांचा एक गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता. बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांच्या सेटवरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीपर्यंत गेले. तेही बहुतेक साधे आवाजी निरोप होते. अमुक जिवंत आहे, इथे औषध हवे, तिथे बोट पाठवा.

एक मुद्दा मात्र असा आहे ज्यापुढे माझीही मान खाली जाते. एका कार्यालयात मी कपाट उघडलेले पाहिले आहे. आत वॉकीटॉकींचा ढीग, बॅटऱ्या फुगून झाकणे उचललेली, चार्जरवर बोटभर धूळ, आणि कोणत्या सेटवर कोणते चॅनेल हे सांगणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. मोबाईलची बाजू घेणारे म्हणतात, फोन रोज चार्ज होतो, रोज वापरला जातो, म्हणून निदान तो चालतो तरी. हे खरे आहे. दक्षिण कोरियाने तर सार्वजनिक सुरक्षेसाठी वेगळे देशव्यापी ४जी जाळे उभे केले, २०२१ मध्ये ते पूर्ण झाले, आणि २९ ऑक्टोबर २०२२ ला सोलमध्ये इटेवॉनच्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली तेव्हा वेगवेगळ्या खात्यांनी ते एकमेकांशी बोलायला नीट वापरलेच नाही, अशी टीका तिथेच झाली. वस्तू घेतल्याने सवय येत नाही.

म्हणून सवयीची सोय करा. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानींच्या रांगेतून रात्रभर गर्दी सरकते, तिथे पोलिसांबरोबर महापालिकेच्या, महावितरणच्या आणि रुग्णवाहिकेच्या माणसालाही त्याच सामाईक चॅनेलचा सेट द्या. पुसेगावच्या यात्रेत द्या, मांढरदेवला द्या, पालखीच्या वाटेवर द्या. धरणाच्या विसर्गाचे आणि नदीच्या पातळीचे आकडे पावसाळ्यात रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर वाचा, फोनवर आधीच गेले असले तरी. दहा मिनिटांचे काम आहे. त्या दहा मिनिटांत प्रत्येक गावचा सेट चालू आहे की नाही हे कळते, बॅटरी उतरलेली असेल तर उन्हातच कळते, आणि बोलणाऱ्याची भीड मोडते. बटण दाबून क्षणभर थांबायचे, मग बोलायचे, थोडक्यात बोलायचे, ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचे. ही शिस्त पुराच्या पाण्यात शिकता येत नाही. सगळे एकदम बोलले तर वायरलेसचे चॅनेलही तुंबते, हे मोबाईलवाल्यांनी सांगायच्या आत मीच सांगतो.

आणि हे सेट पोलिसांपुरते ठेवून चालणार नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, ती त्यांच्या कामासाठी आहे आणि तिचे चॅनेल वेगळेच राहावे. पुरासाठी वेगळे सामाईक चॅनेल असावे, त्याचा परवाना जिल्हा प्रशासनाने काढावा, आणि पूररेषेतल्या प्रत्येक गावात दोन सेट असावेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक बोटीवर. पोलीस पाटील, तलाठी, आपदा मित्र म्हणजे आपत्तीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, पाटबंधाऱ्याचा माणूस, आरोग्य केंद्र हे त्या चॅनेलवर हवेत. ऑनलाइन मिळणारे कमी ताकदीचे खेळण्यासारखे सेट याला चालणार नाहीत. साधा पाच वॅटचा व्यावसायिक सेट मध्यम स्मार्टफोनच्या किमतीत येतो. कुणी म्हणेल, उघड्या चॅनेलवर कुणीही ऐकेल. ऐकू दे. ताकारीला पाणी किती चढले आणि कुठल्या शाळेत निवारा आहे, यात लपवण्यासारखे काय आहे?

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद होतात, मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून. एक गाव हे रोज करते. मग दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला मे महिन्यात एक दिवस, एक तास, हे करता येणार नाही का? कोयनानगरपासून कराड, औदुंबर, भिलवडी, सांगली, पार अंकलीपर्यंत, पुराशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाने मोबाईल बंद करून टेबलावर ठेवायचा आणि वायरलेसवर एकेका गावाचे नाव पुकारायचे. ज्या गावाचा आवाज येईल त्यापुढे खूण करायची. ज्याचा येणार नाही, त्याचे नाव त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि त्या गावाचा आवाज येईपर्यंत ते तिथून काढायचे नाही.